अमेरिकेतल्या भाच्याचं सेव्हिस (तिथल्या सरकारकडची परदेशी विद्यार्थ्यांची नोंद) टर्मिनेट झालंय. स्टेटस (विद्यार्थी म्हणून राहायचा कायदेशीर हक्क) परत मिळतं का?

उद्यमबागवाला | १२ जानेवारी, रात्री ९:५०

नमस्कार मंडळी. इथं बहुतेक धागे व्हीटीयूचं (इथल्या इंजिनिअरिंग विद्यापीठाचं) ट्रान्सक्रिप्ट, बँकेचं कर्ज आणि कुठलं कॉलेज बरं याचेच असतात. माझा विषय जरा अवघड जागेचा आहे.

भाचा खानापूर तालुक्यातला. बेळगावात मेकॅनिकल करून अमेरिकेत एमएसला गेला. सरकारी युनिव्हर्सिटी, एफ-१ (विद्यार्थी) व्हिसा, दुसरं वर्ष. ऑक्टोबरात त्याचं अपेंडिक्स फुटलं, पोटात पू झाला. ऑपरेशन, हॉस्पिटल, मग रूमवर पडून. नऊ क्रेडिटपैकी सहा क्रेडिटचे दोन विषय त्यानं पोर्टलवरनं ड्रॉप केले. प्राध्यापकांना मेल टाकला, त्यांनी तब्येतीला जप म्हटलं. पण इंटरनॅशनल ऑफिसला विचारायचं असतं हे पोराच्या डोक्यातच आलं नाही. नोव्हेंबरात मेल आला: परवानगी न घेता फुल कोर्सलोडच्या (पूर्णवेळ क्रेडिटच्या) खाली गेलास, सेव्हिस रेकॉर्ड टर्मिनेट. आम्हाला त्यानं हे सांगितलं परवा! इतके दिवस एकटाच कुढत बसला होता.

दाजींना अजून कळू दिलेलं नाही. कर्जाला जामीन मी आहे, घर तारण आहे. इथल्या एका कन्सल्टन्सीत जाऊन आलो. ते म्हणाले, पोराला परत बोलवा, दुसऱ्या कॉलेजची आय-२० (व्हिसाला लागणारा कॉलेजचा प्रवेशाचा कागद) काढून देतो, काही होत नाही. आणि लगेच पॅकेजचा आकडा. मला ते पटेना. कुणाला माहिती असेल तर सांगा, स्टेटस तिथं राहून परत मिळतं का?

टिळकवाडी_टू_टेक्सास | १२ जानेवारी, रात्री ११:१५

मामा (आता सगळ्यांचेच मामा झालात), त्या कन्सल्टन्सीला आत्ता एक रुपया देऊ नका. मी वकील नव्हे, पण इकडच्या एका विद्यापीठाच्या इंटरनॅशनल ऑफिसात बरीच वर्षं काढलीत. अशा फायली हाताखालून जातात.

सोय कायद्यातच आहे. तिला रीइन्स्टेटमेंट (स्टेटस पुन्हा बहाल करणं) म्हणतात. अर्ज आय-५३९ फॉर्मवर, युएससीआयएसकडे (अमेरिकेचं इमिग्रेशन खातं). पण त्याआधी कॉलेजच्या डीएसओनं (परदेशी विद्यार्थ्यांचं काम बघणारा अधिकारी) सेव्हिसमध्ये शिफारस टाकून तशी आय-२० द्यावी लागते. म्हणजे पहिलं दार डीएसओचं, बाकी सगळे नंतर.

युएससीआयएस बघतं ते असं. अर्ज करायच्या दिवशी स्टेटस जाऊन पाच महिन्यांच्या वर झालेले नसावेत. पुन्हा पुन्हा किंवा जाणूनबुजून नियम मोडलेला नसावा. विनापरवाना नोकरी नसावी. पोरगा पूर्णवेळ शिकत असावा किंवा लगेच शिकायला लागणार असावा. देशाबाहेर काढावं असं दुसरं काही त्याच्यावर नसावं. राहिलं कारण. तिथं दोन वाटा आहेत. एक, गोष्ट त्याच्या हाताबाहेरची होती: मोठं आजारपण, अपघात, कॉलेजच बंद पडणं, नैसर्गिक आपत्ती, डीएसओचा हलगर्जीपणा. दुसरी, जी क्रेडिट कमी झाली ती डीएसओला त्याच्या अधिकारात मंजूर करता आली असती, आणि आता अर्ज नाकारला तर पोराचं अतोनात नुकसान होईल.

तुमचा भाचा दोन्हीकडून बसतो असं वरवर तरी दिसतंय. आजारपणासाठी डॉक्टरच्या पत्रावर डीएसओ क्रेडिट कमी करू देतो, एका पदवीत एकूण १२ महिन्यांपर्यंत. अट एवढीच की विषय सोडायच्या आधी विचारायचं. तिथंच गाडी घसरली.

त्याच्याकडून दोन गोष्टी खऱ्याखुऱ्या काढून घ्या. विषय नेमके कुठल्या तारखेला ड्रॉप केले? आणि कुठं काम करत होता का, करत असला तर कधीपर्यंत?

निपाणीचा_गडी | १३ जानेवारी, सकाळी ७:३०

मामा, टेन्शन घेऊ नगा. २०२५ च्या एप्रिलात हजारो पोरांचं सेव्हिस असंच उडवलं होतं की. कोर्टात गेल्यावर गपगुमान परत चालू केलं. थोडं थांबा, आपोआप येतंय बघा.

आणि स्टेटसचंच म्हणाल तर आमचा सीमाभागाचा अर्ज १९५६ पासनं पेंडिंग हाय. आम्ही काय मेलो काय?

टिळकवाडी_टू_टेक्सास | १३ जानेवारी, सकाळी ८:१०

गड्या, तुझं दुसरं म्हणणं मान्य. पहिलं ऐकून मामा थांबले तर पोराचं वाटोळं होईल.

एप्रिल २०२५ मधली टर्मिनेशन सरकारनं स्वतःहून केली होती. पोलिसांच्या नोंदीत नाव सापडलं म्हणून, कित्येकदा तर गुन्हा शाबीत नसताना. कॉलेजांनाही पत्ता नव्हता. पोरं कोर्टात गेली, न्यायाधीशांनी फटाफट स्थगिती दिली आणि महिनाअखेरीस सरकारनं रेकॉर्ड परत चालू केले. इथं तसं नाही. इथं क्रेडिट खरंच कमी झालीत आणि कॉलेजनं नियमाप्रमाणे नोंद केलीय. हे आपोआप परत येत नाही, आणि पाच महिन्यांचं घड्याळ चालू आहे.

धागापाल | १३ जानेवारी, सकाळी ८:४०

सीमाप्रश्नाचा धागा वेगळा आहे. तिकडं हवं तेवढं भांडा.

उद्यमबागवाला | १३ जानेवारी, रात्री १०:०५

भाच्याशी बोललो. विषय ड्रॉप केले ते ऑक्टोबरच्या मध्यावर. काम म्हणजे कॉलेजच्याच लायब्ररीत, आठवड्याला २० तासांच्या आत. ऑपरेशन झालं त्या दिवसापासून गेलेला नाही. खोदून खोदून विचारलं. रूमवरचा एक जण हॉटेलात रोखीवर काम देतो म्हणत होता, हा गेला नाही. मी म्हटलं, बघ हां, माझ्याशी खोटं बोललास तर मी तुझा मामा नाही. रडायला लागला.

टर्मिनेशनचा मेल नोव्हेंबरच्या शेवटचा. म्हणजे पाच महिने एप्रिलपर्यंत आहेत ना?

शहापूरचा_माग | १३ जानेवारी, रात्री १०:३०

बरोबर, टर्मिनेशनपासून मोजायचं. एप्रिल शेवटपर्यंत वेळ आहे.

टिळकवाडी_टू_टेक्सास | १३ जानेवारी, रात्री ११:००

नाही. स्टेटस जातं ते नियम मोडला त्या दिवशी. सेव्हिसमध्ये नोंद नंतर होते. परवानगीशिवाय फुल कोर्सलोडच्या खाली गेला की तिथूनच तो आऊट ऑफ स्टेटस. ऑक्टोबरच्या मध्यापासून मोजलं तर मार्चच्या मध्यावर पाच महिने भरतात. एप्रिल धरून बसलात तर हातची केस घालवाल.

पाच महिन्यांनंतर दार अगदीच बंद होतं असं नाही. पण मग उशिराला अपवादात्मक कारण होतं आणि जमेल तितक्या लवकर अर्ज केला हे पटवून द्यावं लागतं. वर सेव्हिसची ३५० डॉलरची फी पुन्हा. वेळेत भरला तर ती लागत नाही. आय-५३९ ची फी एप्रिल २०२४ पासून ऑनलाइन ४२० आणि कागदावर ४७० डॉलर आहे. ऑनलाइनच भरा.

लायब्ररीचं काम ऑपरेशनलाच थांबलं हे उत्तम झालं. टर्मिनेट झाल्यावर कॅम्पसवरचं कामसुद्धा विनापरवाना धरतात. पुष्कळ पोरांना वाटतं, कॉलेजातच तर आहे, चालतंय. चालत नाही. निकाल लागेपर्यंत एक तासही नको.

मलप्रभा | १४ जानेवारी, दुपारी १:२०

सगळ्यांना तिळगूळ घ्या, गोड बोला. मी यातून गेलेय म्हणून लिहिते.

माझ्या आय-२० ची मुदत वाढवायची होती. कागद मी वेळेत दिले होते, ऑफिसात पडून राहिले. मुदत संपली, रेकॉर्ड गेला. चूक त्यांची होती आणि डीएसओनं तसं लेखी दिलं म्हणून माझं निभावलं. मामा, तुमच्या भाच्यालाही डीएसओचं पत्र महत्त्वाचं. त्यात नुसतं 'आम्ही शिफारस करतो' असून भागत नाही. हा आधी विचारायला आला असता तर आम्ही आजारपणावर क्रेडिट कमी करू दिली असती, असं स्पष्ट वाक्य त्यात हवं. भांडून नको, पण मागून घ्या.

आता जे कुणी सांगत नाही ते सांगते. अर्ज पेंडिंग असताना सेव्हिस टर्मिनेटेडच दिसतं. निकालाला महिनोन् महिने लागतात आणि पैसे भरून लवकर करून घ्यायची सोय या अर्जाला नाही. काम नाही, स्टायपेंड नाही. देशाबाहेर पाऊल टाकलंत की अर्ज सोडून दिला असं धरतात. माझ्या सख्ख्या भावाचं लग्न मी फोनवर बघितलं. अक्षता पडताना नेमकं नेट गेलं. आई अजून बोलून दाखवते. घरच्यांना आधीच सांगून ठेवा की पोरगा मध्येच येणार नाही, आजारपण असो की लग्न. म्हणून दाजींना अंधारात ठेवू नका. ते उद्या गणपतीला ये म्हणाले तर पोरगा काय सांगणार?

शहापूरचा_माग | १४ जानेवारी, रात्री ९:००

पाच महिन्यांचं माझं चुकलं, ठीक. पण एवढं सगळं सोसण्यापेक्षा परत येऊन नव्यानं जाणं सोपं नाही का? माझ्या मित्राच्या मुलानं तसंच केलं. नवी आय-२०, नवा सेव्हिस नंबर, ३५० डॉलर, व्हिसा, आणि गेला. कन्सल्टन्सीवाला वाट दाखवतोय ती काही खोटी नाही.

टिळकवाडी_टू_टेक्सास | १५ जानेवारी, सकाळी ६:५०

वाट खरी आहे. कायद्यात बसते, कॉलेजंही सुचवतात. फक्त 'काही होत नाही' हे खोटं आहे.

नव्या सेव्हिस नंबरवर गेलं की आधी शिकलेलं वर्ष सीपीटी-ओपीटीच्या (शिकताना आणि शिकून झाल्यावर काम करायच्या परवानग्या) हिशेबात धरत नाहीत. ते मिळायला पुन्हा एक पूर्ण शैक्षणिक वर्ष शिकावं लागतं. भाच्याचं आता वर्षभरापेक्षा कमी राहिलं असेल. परत येऊन नव्यानं गेला तर पदवी हातात आणि ओपीटी नाही, असं होऊ शकतं. घर तारण ठेवून गेलेल्या पोराला ओपीटी गेली म्हणजे काय गेलं, हे तुम्हाला मी सांगायला नको.

वर इंटरव्ह्यू. बंगळूरला जानेवारी २०२५ मध्ये अमेरिकेच्या वाणिज्य दूतावासाचं उद्घाटन झालं खरं, पण व्हिसाची सोय तेव्हा नव्हती. आपली माणसं मुंबई किंवा चेन्नईच गाठतात. डीएस-१६० मध्ये (व्हिसाच्या अर्जात) सरळ प्रश्न असतो, अमेरिकेच्या व्हिसाच्या अटी कधी मोडल्या का? तिथं 'होय' लिहायचं आणि समोरच्या अधिकाऱ्याला पटवायचं. 'नाही' लिहून सापडला तर खोटी माहिती दिल्याचा शिक्का कायमचा बसतो, पुढं अमेरिकेचं नाव काढायची सोय राहत नाही.

दुसरी बाजूही सांगतो, नाहीतर म्हणाल हा एकाच बाजूचा. रीइन्स्टेटमेंट नाकारली तर त्यावर अपील नाही. फेरविचाराची विनंती तेवढी करता येते. नकाराच्या दुसऱ्या दिवसापासून अवैध वास्तव्य मोजायला लागतात. १८० दिवसांच्या वर राहिला तर बाहेर पडल्यावर तीन वर्षं बंदी, वर्ष ओलांडलं तर दहा. जुना व्हिसाही बाद धरला जाऊ शकतो. म्हणजे नकार आला की सामान बांधायचं, रेंगाळायचं नाही.

आणि मधली एक अडचण. अर्ज पेंडिंग असताना डीएसओला ओपीटीची शिफारस टाकता येत नाही. ज्याचं एकच सेमिस्टर राहिलंय त्याची पदवी आधी आणि निकाल नंतर असं होण्याची भीती असते. मामा, भाच्याचे किती विषय उरलेत?

उद्यमबागवाला | १५ जानेवारी, रात्री ९:४०

सोडलेले दोन धरून दोन सेमिस्टरचे. स्प्रिंग (आत्ताचं) आणि फॉल (पुढचं). आणि दाजींना सांगितलं. ते काही बोलले नाहीत, गोठ्यात निघून गेले. रात्री त्यांनीच पोराला फोन लावला आणि पहिला प्रश्न विचारला, टाके दुखतात काय रे अजून?

टिळकवाडी_टू_टेक्सास | १५ जानेवारी, रात्री ११:२०

दोन सेमिस्टर असतील तर माझं मत तिथंच राहून रीइन्स्टेटमेंट. निकालाला वेळ मिळतो. स्प्रिंगला पूर्ण नऊ क्रेडिट घ्यायला सांगा. ऑनलाइन विषय एकापेक्षा जास्त नको, तेवढाच हिशेबात धरतात. उद्याच डीएसओची वेळ घ्या. बऱ्याच विद्यापीठांत विद्यार्थ्यांना वकिलाचा सल्ला फुकट मिळतो, तेही विचारा. डीएसओ शिफारस द्यायला बांधील नसतो, म्हणून सगळे कागद घेऊनच त्याच्यापुढं बसायचं.

कॅम्पातला_बाब्या | १६ जानेवारी, दुपारी ३:१५

दोस्ताचं विचारूलालोय. त्यानं पेट्रोल पंपावर रोखीनं काम केलंय दोन-तीन महिने. बँकेत काही नाही, कुठं नाव नाही. अर्जात लिहिलंच नाही तर कोण बघूलालंय?

टिळकवाडी_टू_टेक्सास | १६ जानेवारी, संध्याकाळी ७:००

दोस्ताला सांग, विनापरवाना काम झालं असेल तर रीइन्स्टेटमेंट बसतच नाही. आणि दडवून सही केली तर केस कामाची राहत नाही, खोटेपणाची होते. त्यानं आधी इमिग्रेशनच्या वकिलाला गाठावं. वकील म्हणजे तिकडं सनद असलेला, बेळगावचा एजंट नव्हे. बहुधा तो परत यायलाच सांगेल. या धाग्यावर यापुढं तपशील लिहू नको, दोस्ताचे तर अजिबात नको.

उद्यमबागवाला | २४ जानेवारी, रात्री १०:१५

डीएसओ बाई चांगल्या निघाल्या. हॉस्पिटलचे कागद बघून शिफारस द्यायला तयार आहेत. भाच्यानं अर्जासोबतचं पत्र लिहून मला पाठवलंय. नावगाव काढून मराठीत सार देतो: "मी लहानपणापासून अमेरिकेचं स्वप्न बघितलं. माझे वडील गरीब शेतकरी आहेत. काही आरोग्याच्या अडचणींमुळे माझ्याकडून नकळत चूक झाली. मी आपली क्षमा मागतो आणि एक संधी द्यावी ही नम्र विनंती." पुढं दोन पानं असंच आहे. बरं आहे ना?

मलप्रभा | २४ जानेवारी, रात्री ११:००

मामा, रागावू नका, पण हे तहसीलदाराला लिहिल्यासारखं झालंय. वाचणाऱ्याला तारखा हव्यात. 'काही आरोग्याच्या अडचणी' म्हणजे काय? सर्दी?

असं लिहायला सांगा: अमुक तारखेला पोट दुखून इमर्जन्सीत गेलो, अपेंडिक्स फुटल्याचं निदान, त्याच दिवशी ऑपरेशन, अमुक तारखेला घरी सोडलं, डॉक्टरनं इतके आठवडे विश्रांती सांगितली, जोडपत्र अमुक. अमुक तारखेला दोन विषय सोडले. डीएसओची परवानगी आधी लागते हे तेव्हा ध्यानात आलं नाही, प्राध्यापकांना कळवलं होतं, तो मेल जोडला आहे. नोव्हेंबरात मेल आल्यापासून आजवर काय केलं. तो घाबरून गप्प बसला होता, तेही लिहा. अंधारात जागा ठेवली की वाचणारा वाईटच भरतो. मग आधीचे मार्क, स्प्रिंगची नोंदणी, फी भरल्याची पावती.

स्वप्न काढून टाका. दाजींची गरिबीही तशी नको, कारण त्याच पाकिटात खर्च भागवायची ऐपत दाखवायचीय! नुकसानीचा मुद्दा आकड्यांनी मांडा. कर्ज किती, तारण काय, पदवीचे किती विषय उरलेत.

उद्यमबागवाला | २५ जानेवारी, सकाळी ८:००

पटलं. दोन पानांचं एक करायला सांगतो. ऐपतीचं विचारतो. माझ्या वर्कशॉपचं बँक स्टेटमेंट इंग्रजीत आहे. पण दाजींची ठेव गावच्या सोसायटीत, पासबुक मराठीत. जमिनीचा उतारा कन्नडमध्ये. चालेल?

टिळकवाडी_टू_टेक्सास | २५ जानेवारी, संध्याकाळी ६:३०

इंग्रजी नसलेल्या प्रत्येक कागदाचं पूर्ण भाषांतर लागतं. सारांश चालत नाही, शिक्क्यातली अक्षरंसुद्धा हवीत. खाली भाषांतर करणाऱ्यानं लिहून सही करायची: मला दोन्ही भाषा येतात, हे पूर्ण आणि अचूक आहे. नोटरीची गरज नाही, कोर्टासमोरच्या टायपिंगवाल्यांकडं चार शिक्के मारून घ्यायला जाऊ नका. कन्नडसाठी ओळखीचे कुणी मास्तर बघा. उतारा दुय्यम आहे, रोख दिसली पाहिजे. सोसायटीकडून इंग्रजी लेटरहेडवर शिल्लक लिहून मिळाली तर निम्मं काम वाचेल.

निपाणीचा_गडी | २५ जानेवारी, रात्री ८:२०

उताऱ्याचं कन्नड मी करून देतो मामा. सातवीपासनं सक्तीनं शिकलोय, कुठंतरी उपयोग होऊ दे.

उद्यमबागवाला | १९ फेब्रुवारी, रात्री ९:३०

गड्यानं खरंच उतारा करून दिला, शिक्क्यासकट. अर्ज काल ऑनलाइन गेला. शिफारशीची आय-२०, डीएसओचं पत्र, डिस्चार्ज समरी, आय-९४ ची (अमेरिकेत शिरल्याच्या नोंदीची) प्रत, पासपोर्ट, पावत्या सगळं जोडलंय. रिसीट नंबर आला. आता भाचा म्हणतोय, स्वस्तातली रूम मिळत्येय, पुढच्या महिन्यात हलू का?

मलप्रभा | १९ फेब्रुवारी, रात्री १०:१०

जमत असेल तर एवढ्यात नको. बोटांच्या ठशांना बोलावलं तर त्याचं पत्र टपालानं येतं, चुकलं तर अर्ज सोडला असं धरू शकतात. हललाच तर नवा पत्ता १० दिवसांच्या आत युएससीआयएसच्या खात्यावर टाकायचा आणि डीएसओलाही कळवायचा. जुन्या रूमवर ओळखीचं कुणी राहणार असेल तर टपाल बघायला सांगून ठेवा.